कर्करोग्याच्या वेदना आणि आपले कर्तव्य

कर्करोग हे नाव घरात उच्चारावयाचे नाही, असा आमच्या वऱ्हाडातील पुष्कळ कुटुंबांचा नियम आहे. शेजाऱ्यांना ‘पोटाचे दुखणे’ एवढेच सांगतात. कित्येकदा खुद्द रोग्यासही तेवढेच. राजापेठेतून असा रोगी उपचारासाठी निघाला म्हणजे बहुधा नागपुरास, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबईस टाटा रुग्णालयात जातो. गाठ केवढी आहे, शस्त्रक्रिया केव्हा, खर्च किती, हे सारे आपण डॉक्टरांस विचारतो. वेदनेविषयी मात्र विचारीत नाही. ती पूर्वकर्माची म्हणून सोसावयाचीच, असे आपण धरून चालतो. माझ्या मते वेदनेचा विचार अखेरच्या आठवड्यात नव्हे, तर निदान झाले त्याच दिवशी सुरू व्हावयास हवा. प्रभू येशूनेही आजाऱ्यांस सोशिकतेचा उपदेश केला नाही. त्यांस बरे केले.

उपशामक उपचार म्हणजे डॉक्टरांनी हात टेकल्यावरची शुश्रूषा, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत बोस्टन येथील डॉक्टरांनी फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रोग्यांचा अनुभव २०१० साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे निम्म्यांस नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच उपशामक उपचार मिळाले होते. त्यांचे मन कमी खचले, आणि ते अधिक जगलेही: मध्यमानाने साडेअकरा महिन्यांच्या वर, इतर सुमारे नऊ महिने.

आता मॉर्फीनविषयी. ते अफूपासून होते एवढे कळताच घरची वडील मंडळी दचकतात. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. अफूपायी घरे बुडालेली आपल्या लोकांनी पाहिली आहेत. परंतु वेदनेच्या मानाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनचे व्यसन लागण्याचा संभव फार थोडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली क्रम सांगितला तो असा: आधी साधी वेदनाशामके, ती न पुरल्यास सौम्य अफूजन्य औषध, त्यापुढे मॉर्फीन, तेही शक्यतो पोटातून, आणि दुखू लागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी. मॉर्फीनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. अफूचे पीक शेजारच्या मध्यप्रदेशात मंदसोर-नीमचकडे निघते. तरी १९८५ च्या कायद्यापासून अनेक परवान्यांमुळे रुग्णालयांस मॉर्फीन मिळविणे जिकिरीचे झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही अडचण पुष्कळ कमी झाली. घरातील भीती मात्र तशीच आहे.

आणि लपवावयाचे तरी काय? याच जिल्ह्यात मोझरीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा १९६८ साली कर्करोगानेच अंत झाला. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव आहे. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करोग्यांस व त्यांच्या आप्तांस आसरा देते.

वांद्र्यास १९८६ पासून मरणोन्मुख कर्करोग्यांसाठी शांती आवेदना सदन आहे; पण मुंबई दूर, आणि आपल्याकडे शुश्रूषा घरीच, बहुधा आई-बहिणींच्या हातून होते. तेथे विद्यार्थ्यांसही काम आहे. घरी आजी अशी आजारी असेल तर एक वही करावी. कोठे दुखते, किती वाजता, शून्यापासून दहापर्यंतच्या अंकांत किती, गोळीने किती वेळ आराम पडला, रात्री झोप लागली की नाही, हे आजीसच विचारून रोज लिहावे, आणि पुढल्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.