काढणीचा कांदा आणि तहानलेलं रान

मार्चअखेरीला लासलगावच्या शिवारात उन्हाळ कांद्याच्या माना पडू लागल्या की शेतकरी पाणी तोडतो. ओल्या रानातून उपटलेला कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून वाफे मुद्दाम तापू द्यायचे. आता हेच रान आकाशातून बघा. लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून दर आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास इथून जातात आणि जमिनीतून निघणारी उष्णता मोजतात. रानात ओल असली की उन्हाचा बराचसा ताप वाफ होण्यात खर्ची पडतो. ओल सरली की माती तापते. हे तापमान आणि पिकाची हिरवाई एकत्र मांडून ओलीचा अंदाज बांधतात. त्या हिशेबात आपला काढणीचा कांदा ठरतो तहानलेला!

म्हणून ‘तुमच्या शेतात ओलावा अमुक टक्के’ असं मोबाइलवर आलं की मी आधी विचारतो, कुणाच्या शेतात? लँडसॅटचा उष्णतेचा एक ठिपका शंभर मीटर लांब-रुंद, म्हणजे अडीच एकरांचा. इथे निफाड तालुक्यात तेवढ्यात एकाचा कांदा, दुसऱ्याची द्राक्षबाग, मधे बांध आणि विहीर. बागेला ठिबक; वेलीच्या बुडाशी ओल, पानं गार, दोन ओळींमधली माती ठणठणीत कोरडी. ठिपक्यात सगळ्यांची सरासरी येते. शिवाय तापमान कळतं ते नुसत्या वरच्या पापुद्र्याचं. कांद्याची मुळं उथळ, म्हणून इथे निभावतं. वाफसा आला का, हे मात्र माती मुठीत दाबूनच बघावं लागतं.

पावसाळ्यात ढगांपुढे या तंत्राचं काही चालत नाही. तिथे सूक्ष्मलहरी लागतात. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ उपग्रह त्याच कामाचा.

रब्बीत मात्र आभाळ निरभ्र असतं, आणि पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनांवरची भांडणंही तेव्हाच. कालवा निफाडातून येवल्याकडे जातो. टेलला पाणी पोचत नाही, ही ओरड जुनीच. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत कालव्याच्या खालच्या अंगाचा येवला होता, वरचा निफाड नव्हता. मोबाइलवर एकेकाला सल्ले देण्यापेक्षा उपग्रहावरून केलेले ओलीचे नकाशे इथे, कालव्याच्या वाटपात वापरा. अडीच एकरांचा ठिपका शेताला मोठा, पण चारीला पुरेसा बारीक. लँडसॅटची माहिती फुकट मिळते. जलसंपदा विभागाने प्रत्येक आवर्तनाच्या आधी आणि नंतरचा नकाशा पाणीवापर संस्थांच्या हाती द्यावा, आणि काढणीला आलेली रानं कोणती, ते त्यावर गावकऱ्यांकडूनच लिहून घ्यावं.