त्या आजीचा राम कोणत्या पोथीतला?

मागच्या महिन्यात औसा तालुक्यातल्या एका गावात रामायणाच्या वाचनाला गेलो होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मारुतीच्या देवळापुढं मांडव, वाचक ओवी म्हणतोय, सूचक अर्थ सांगतोय, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतं तसंच. उत्तरकांड चालू होतं. सूचक महाराज म्हणाले, राजाला प्रजेचं ऐकावंच लागतं, म्हणून रामानं सीतेला वनात धाडलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आजी बोलल्या, "परजेचं ऐकलं म्हन्ता, मग गरवार बाईचं कुनी ऐकावं? ती परजा न्हवती व्हय?"

मांडवात हशा पिकला. महाराजही हसले आणि पुढं गेले. पण दोन पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती, त्यात हे आलं. सकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर "रामाचा अपमान" सुरू. दुपारी आजींच्या मुलाचा मला फोन, "सर, ते छापू नका. म्हातारीनं देवळात हात जोडून माफी मागितलीय."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला माफी मागायला लावली, हे काही मला पचलं नाही. मी काही पंडित नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला साधा बातमीदार आहे. पण थोडंफार वाचलंय, ते सांगतो.

ज्या पोथीवरून त्या रात्री वाचन चालू होतं, ते भावार्थ रामायण आपल्या पैठणच्या नाथांचं. नाथांचा राम देवांना रावणाच्या बंदीतून सोडवणारा आहे. परक्या सत्तेखाली दबलेल्या लोकांना तो जवळचा वाटला असणार. पण नाथांनी स्वतः युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंतच लिहिलं, पुढचं शिष्य गावबानं पुरं केलं असं परंपराच सांगते. म्हणजे सीतात्यागाचा भाग नाथांच्या हातचा नाहीच.

आणि तो धोबी? वाल्मीकींच्या उत्तरकांडात धोबी सापडत नाही. तिथं भद्र नावाचा माणूस लोक काय बोलतात ते रामाला सांगतो. धोबी मागाहून आला आणि अख्ख्या गावाचं बोलणं त्या एका गरिबाच्या डोक्यावर बसलं. (हे आपल्याकडं नवीन नाही.) त्याच वाल्मीकींनी झाडाआडून बाण लागलेल्या वालीला रामाला तोंडावर जाब विचारू दिलाय. चांगला लांबलचक जाब. वालीनं विचारलं तर ते काव्य, आजींनी विचारलं तर अपमान?

विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती आठव्या शतकातला. त्याच्या उत्तररामचरितात राम सीतेला सोडतो आणि नंतर इतका रडतो की दगडालाही पाझर फुटावा. भवभूतीला तो शेवट सोसलाच नाही, त्यानं नाटकात दोघांची भेट घडवून आणली. गदिमांनी 1955-56 साली पुणे आकाशवाणीसाठी 56 गीतांचं गीतरामायण केलं, त्यात शेवटाकडं एक अख्खं गीत टाकून दिलेल्या सीतेच्या तोंडी आहे. कॅसेटवर ते लागलं की आमचे वडील बोलायचे थांबायचे. जैनांच्या रामायणात तर राम रावणाला मारतही नाही, लक्ष्मण मारतो, कारण राम अहिंसक. यातल्या कुणाच्या घरावर मोर्चा नेणार?

ग्रुपवर चिडलेल्या पोरांचा राम मला वाटतं टीव्हीवरचा आहे. 1987 ची मालिका, जी लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागली. तिच्या पुढच्या भागात सीता आपणहून जायचं ठरवते, म्हणजे रामाकडं बोट दाखवायला जागाच राहत नाही. तोही एक राम आहे, माझी ना नाही. पण तो एकटाच खरा, असं कसं?

आजींचा राम जात्यावरचा आहे. पहाटे दळताना बायकांनी सीतेचा वनवास गायला, कारण तो त्यांना माहेर-सासरमध्ये रोज दिसत होता. तिथं सीता भारी आणि राम थोडा उणाच. तारा भवाळकरांनी 'सीतायन' या पुस्तकात या सीतेविषयी लिहिलंय. माहूर ओलांडून यवतमाळकडं गेलं की राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे, रामाशिवाय. बाळंतीण सीतेनं मागितलेले गहू गावानं दिले नाहीत, म्हणून तिनं शाप दिला, अशी तिथली कथा. त्या देवळाचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी केला. या बायका रामाला मानत नाहीत असं कोण म्हणेल? त्याच आजी रामनवमीला पाळणा म्हणतात. आपल्या माणसावर रागवायचा हक्क असतो, तेवढाच त्या वापरतात.

आता गिरणी आली, जातं लग्नात हळदीपुरतं उरलं. ओव्या येणाऱ्या बायका दरवर्षी कमी होतायत. म्हणून नांदेड-लातूरच्या वाचन मंडळांना माझी एक सूचना आहे : सांगतेच्या आदल्या रात्री तासभर माईक बायकांच्या बाजूला द्या आणि त्यांच्या ओव्या म्हणू द्या. रेकॉर्डिंगला मी स्वखर्चानं येतो.

परवा त्या आजींकडं जाऊन आलो. ओवी म्हणा म्हटलं तर म्हणाल्या, "समदं इसरले बाबा." सून चहा ठेवताना हळूच म्हणाली, काल रात्रीच तर नातीला म्हणून दाखवत होत्या.