बिपरजॉय कुठे जाणार, हे आठवडाभर का कळत नव्हतं?

गुरुवारी, 15 जून 2023 ला संध्याकाळी ‘बिपरजॉय’ कच्छमधल्या जखाऊ बंदराजवळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 115 ते 125 किलोमीटर, मधूनच येणारे झोत 140 पर्यंत. गुजरात सरकारने त्याआधीच एक लाखाच्या आसपास लोकांना किनाऱ्यावरून हलवलं होतं. पलीकडे सिंधमध्येही हजारो कुटुंबं हलवली गेली होती. विजेचे खांब पडले, घरं पडली, जनावरं गेली, पण वादळाची ताकद बघता माणसं वाचली. अल्हम्दुलिल्लाह.

आता सगळं उरकल्यावर हे सोपं वाटतं. पण 6 जूनला अरबी समुद्रात हे वादळ तयार झालं तेव्हापासून पुढचे पाच-सहा दिवस आठवा. कोकणात असं घर कमी, ज्याच्या मोबाईलवर तीन वेगवेगळे नकाशे आले नसतील. मस्कतला असलेल्या मामूंनी पाठवलेल्या नकाशात वादळ ओमानकडे निघालेलं, दुसऱ्या ग्रुपवरच्या नकाशात ते कराचीवर आणि तिसऱ्यात थेट गुजरातवर. चौथा एखादा मेसेज असायचाच, मुंबई बुडणार म्हणून. मग मोहल्ल्यातली बैठक दोन निष्कर्षांवर यायची. एक, हवामान खात्याला काही कळत नाही. दोन, जे व्हायचं ते होणार, बघत बसायचं.

हे दोन्ही निष्कर्ष धोक्याचे आहेत, आणि पुढच्या वेळी वादळ कच्छऐवजी रायगड किंवा रत्नागिरीकडे वळलं तर जिवावर बेतणारे आहेत. म्हणून हे नकाशे येतात कुठून ते समजून घ्यायला हवं.

हवामानाचं ‘मॉडेल’ म्हणजे संगणकात चालणारं गणित. आत्ता हवा कुठे किती गरम आहे, दाब किती, वारा कुठून कुठे वाहतोय, समुद्र किती तापलाय, ही माहिती त्यात भरायची आणि उद्या-परवा काय होईल ते काढायचं. अमेरिकेचं मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं. युरोपचं वेगळं आहे. आपल्याकडे पुणे आणि नोएडाच्या केंद्रांत मोठे संगणक याच कामाला लावले आहेत. गणिताचे नियम सगळीकडे तेच, मग उत्तरं वेगळी का येतात?

कारण सुरुवातीची माहितीच अपुरी असते. जमिनीवर हवामान केंद्रं आहेत, भर समुद्रात काय आहे? थोडी जहाजं, थोडे तरंगते मापक आणि वरून बघणारे उपग्रह. अमेरिकेत वादळाच्या पोटात विमान घालून मोजमाप घेतात, आपल्या अरबी समुद्रात तशी सोय नाही. त्यात वादळ नुसतं आकार घेत असतं तेव्हा त्याचा मध्यबिंदू नक्की कुठे आहे हेच धड ठरलेलं नसतं. एका मॉडेलने तो पन्नास किलोमीटर इकडे धरला, दुसऱ्याने तिकडे, की पाच दिवसांनंतरचा रस्ता पार वेगळा निघतो. वादळाला नाव मिळतं ते वारा ताशी 62 किलोमीटरवर गेल्यावर. त्याआधीच्या, नावही नसलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा दहा दिवसांपुढचा नकाशा कोणी पाठवला, तर तो अंदाज कमी आणि शक्यता जास्त.

ही अडचण शास्त्रज्ञांना आपल्याहून जास्त माहीत आहे. म्हणून ते मॉडेल एकदा चालवून थांबत नाहीत. सुरुवातीच्या माहितीत मुद्दाम थोडा थोडा फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवतात. युरोपचं केंद्र अशी 51 उत्तरं काढतं, अमेरिकेचं 31. मग सगळ्या रेषा एकाच नकाशावर. रेषा जुडीसारख्या एकत्र गेल्या तर भरवसा ठेवावा. खराट्याच्या काड्यांसारख्या फाकल्या तर अजून ठरलेलं नाही असं समजावं. बिपरजॉयच्या पहिल्या दिवसांत त्या फाकलेल्या होत्या. मामूंचा नकाशा खोटा असेलच असं नाही, त्या खराट्यातली ती एक काडी असू शकते. एकच काडी उचलून ‘ब्रेकिंग’ म्हणून फिरवली जाते, चूक तिथे होते.

बिपरजॉयचं प्रकरण खास अवघडही होतं. वादळ स्वतःच्या मर्जीने चालत नाही, वरच्या थरातले वारे त्याला ढकलतात. या वेळी एका बाजूला अरबस्तानावर आणि दुसऱ्या बाजूला भारतावर जास्त दाबाचे भाग होते, आणि हे मधल्या फटीत अडकल्यासारखं हळूहळू उत्तरेकडे सरकत होतं. एक बाजू थोडी जोरकस झाली तर ओमान, दुसरी झाली तर गुजरात. 7 जूनच्या सुमारास ते गोव्यापासून साधारण नऊशे किलोमीटर दूर होतं. हजार किलोमीटरच्या प्रवासात दिशा दहा अंशांनी बदलली, तर टोकाला पावणेदोनशे किलोमीटरचा फरक पडतो. पुढे 11-12 तारखेपर्यंत काड्या जुळत आल्या आणि जखाऊचं नाव बातम्यांमध्ये दिसू लागलं. म्हणजे तीन-चार दिवस हातात मिळाले. लाखभर माणसं हलली ती त्या तीन-चार दिवसांत.

आपल्या भागाला इतके दिवस मिळतीलच असं नाही. 2020 चं ‘निसर्ग’ आठवा. 1 जूनला समुद्रात डिप्रेशन, 3 जूनला दुपारी वादळ किनाऱ्यावर. मध्ये फक्त दोन दिवस, तेही लॉकडाऊनचे. 1 जूनच्या इशाऱ्यात हवामान खात्याने पट्टा सांगितला होता हरिहरेश्वर ते दमण. टीव्हीवाल्यांनी त्यातून एकच शब्द उचलला, मुंबई. नंतर अलिबागचं नाव आलं. वादळ प्रत्यक्षात आलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, सांगितलेल्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाजवळ. अंदाज चुकला का? नाही. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यातच आहे, नाव बुलेटिनमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. पण मुंबईचा गलका एवढा होता की श्रीवर्धन, म्हसळ्याच्या माणसाला हे आपल्याबद्दल चाललंय असं वाटलंच नाही. आणि दापोली, मंडणगड तर त्या पट्ट्याच्याही खाली. तिथे नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या, घरांवरचे पत्रे-कौलं उडाली, वीज कित्येक आठवडे आली नाही. सुपारीचं झाड धरायला वर्षं लागतात. ज्यांच्या वाड्या गेल्या ते 2023 मध्येही पूर्वपदावर आलेले नव्हते. मुंबईत मात्र त्या संध्याकाळी लोक म्हणत होते, एवढं घाबरवलं आणि काहीच झालं नाही.

हवामान खात्याच्या नकाशात वादळाच्या रेषेभोवती पुढे रुंद होत जाणारा एक पट्टा काढलेला असतो. मधल्या रेषेकडे बघू नका, पट्टा बघा. आदल्या दिवशीच्या अंदाजातही मार्गात सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडतो, तीन दिवस आधी तो दीडशेच्या आसपास. अलिबाग ते श्रीवर्धन सरळ अंतर साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

पट्ट्याच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहणंही बरोबर नाही. पट्टा फक्त मध्यबिंदू कुठे जाईल ते सांगतो, लाटा आणि वारा त्याच्या कितीतरी बाहेर पोहोचतात. 12 जूनला बिपरजॉय मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होतं आणि त्याच दिवशी जुहूच्या खवळलेल्या समुद्रात मुलं बुडाली. लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वेगळा देते. तो वादळाच्या मथळ्याखाली दबून जातो.

आता दुसरा निष्कर्ष, जे व्हायचं ते होणार. आपल्यात काही बुजुर्ग म्हणतात, ग़ैबचं इल्म फक्त अल्लाहला, मग हे संगणकवाले कोण? त्यांच्या अक़ीद्याबद्दल वाद नाही. पण 51 उत्तरं काढणारा माणूस ग़ैब जाणल्याचा दावा करत नसतो. उलट तो कबूल करतो की मला एवढंच दिसतंय, या पट्ट्यात कुठेही होऊ शकतं. छातीठोकपणे तारीख-वेळेसह गाव सांगतो तो फॉरवर्ड करणारा. खरी हरकत घ्यायची तर त्याच्यावर घ्या. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, ही हदीस जुम्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकली आहे. इशारा आल्यावर होडी वर ओढणं, म्हाताऱ्यांना पक्क्या घरात नेणं हे उंट बांधणंच आहे.

आणि उंट न बांधल्यावर काय होतं ते 2021 ला दिसलं. 14 मेला, आपल्या ईदच्या दिवशी, लक्षद्वीपजवळ ‘तौक्ते’ आकाराला येत होतं. 17 तारखेच्या रात्री ते सौराष्ट्रात शिरलं. इशारे वेळेत निघाले होते. तरी मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रातला पी-305 हा बार्ज माणसांसकट तिथेच राहिला आणि बुडाला. सत्तरहून जास्त कामगार गेले. मॉडेल तिथे कमी पडलं नव्हतं. इशारा कोणी ऐकायचा, कोणी माणसं परत आणायची, इथे सगळं बिघडलं.

बिपरजॉयच्या वेळी आणखी एक गोष्ट नशिबाने आपल्या बाजूने होती. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, मोठ्या बोटी किनाऱ्यावर होत्या. अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा बंदी नसते. 11 नोव्हेंबर 2009 ला आलेलं ‘फयान’ कोकणातला कोणताही दर्यावर्दी विसरलेला नाही, कारण बोटी समुद्रात होत्या.

2023 मध्ये मान्सून 11 जूनला रत्नागिरीला पोहोचून तिथेच अडकला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या. त्यामुळे वादळाचा विषय लवकरच मागे पडला आणि बकरी ईदची धांदल सुरू झाली. पुढचं वादळ येण्याआधी किनाऱ्यावरच्या जमातींनी एक काम उरकून घ्यावं. हवामान खात्याचं बुलेटिन रोज कोण बघणार, त्या एका-दोघांची नावं ठरवावीत. वादळ असताना बुलेटिन दर तीन तासांनी निघतं आणि सगळ्यांना फुकट मिळतं. किनाऱ्यासाठी ‘अलर्ट’ शब्द आला म्हणजे खराब हवा सुरू व्हायला साधारण 48 तास उरले, ‘वॉर्निंग’ आला म्हणजे 24. पहिला शब्द आला की मस्जिदीच्या माईकवरून गावाचं नाव घेऊन सांगावं, आणि बोटीवर गेलेल्यांच्या घरचे नंबर तेव्हा शोधत बसायला लागू नये.