दोराची शिस्त

मार्च २०२३ मध्ये बेळगावनजीकच्या राजहंसगडावर शिवछत्रपतींच्या एकाच पुतळ्याचे अनावरण चार दिवसांत दोनदा झाले. एकदा सत्तारूढ पक्षाकडून, एकदा विरोधकांकडून. या चुरशीत गड गाजला. परंतु तो गड चढणाऱ्या तरुणाला कड्यावरून सुखरूप उतरण्याची विद्या कोण शिकविणार, हे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सीमाभागात डोंगरांची हौस उदंड आहे. सुट्टी लागली की बेळगाव-निपाणीकडची मुले राजहंसगड, वल्लभगड, चंदगड तालुक्यातील पारगड यांच्या वाटा धरतात. चोर्ला घाट चढून आपली गोमंतकीय मुलेही त्यांना मिळतात. पारगडाची किल्लेदारी तानाजीपुत्र रायबाकडे होती, असे परंपरा सांगते. वारसा अभिमानास्पद खराच. पण नुसत्या जयघोषाने कडा सर होत नाही. शेवाळलेल्या पाषाणाला कोणाचा इतिहास ठाऊक नसतो.

गिर्यारोहण ही गुरुमुखातून शिकण्याची विद्या आहे. आठाच्या आकड्याची गाठ कशी मारावी, साथीदाराने कमरेचा पट्टा तपासल्यावाचून पाऊल का उचलू नये, दोन हात व दोन पाय यांपैकी तीन सदैव खडकावर का असावेत, वर चढणाऱ्याचा दोर खालच्याने कसा सांभाळावा, हे सारे जाणत्याच्या नजरेखाली, हाताला वळण लागेपर्यंत गिरवावे लागते. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ साली, दार्जिलिंगला आणि १९६५ साली उत्तरकाशीला प्रशिक्षणसंस्था निघाल्या, त्या याच गरजेपोटी.

शिक्षणाने तरी मृत्यू कोठे टळतो, असे कोणी म्हणेल. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्याच संस्थेच्या तुकडीवर हिमप्रपात कोसळून २९ जणांचा अंत झाला. आक्षेप खोटा नाही. डोंगर कोणालाही अभयपत्र देत नाही. परंतु हिमप्रपात वेगळा आणि सैल गाठीमुळे, निसरड्या वाटेवरच्या फाजील धाडसामुळे गेलेला जीव वेगळा. हा दुसरा मृत्यू टाळता येतो. शिखर हाकेवर असताना माघारी वळण्याचे धैर्य हाच खऱ्या शिक्षणाचा कळस होय.

बेळगावात लष्कराचे कमांडो घडतात. बदामीचे तांबडे कडे देशभरच्या प्रस्तरारोहकांना बोलावतात. विद्या दूर नाही, ती मुलांपर्यंत पोहोचविण्याची इच्छा हवी. निपाणी गाव कर्नाटकात, तर त्याच्या वेशीवरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे सप्ताहभराचे, पात्र शिक्षकांचे वर्ग भरविणे कठीण नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी भाषकांच्या न्याय्य हक्काविषयी आमची भूमिका तसूभरही बदललेली नाही. पण निकालाची वाट पाहत मुलांचे जीव टांगणीला ठेवण्याचे कारण नाही. पुतळ्याच्या अनावरणासाठी धावलेल्या दोन्ही पक्षांनी आता त्याच गडाच्या पायथ्याशी एक प्रशिक्षणवर्ग काढावा. त्यात चढाओढ झाली, तर आम्ही तिचे स्वागतच करू.