शेगडी, गीझर आणि १०८

मैत्रिणींनो, थंडी पडली की आपली तयारी ठरलेली. रजया उन्हात, डिंकाचे लाडू डब्यात आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी! त्या शेगडीबद्दलच आज थोडं सांगायचंय.

गेल्या पौषात माझी धाकटी जाऊ न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. गॅसचा गीझर आतच, आणि वारं येतं म्हणून खिडकी गच्च बंद. आम्हाला आधी वाटलं, उपास सोसला नसेल! नशीब, आतून कडी नव्हती.

बंद जागेत पुरेशा हवेशिवाय कोळसा किंवा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं या त्याच्या खुणा. अशा वेळी दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि कांदा हुंगवत न बसता १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत मिळते. गाडीत डॉक्टर असतात, प्राणवायूही असतो.

मी मात्र घाबरून नुसतं ‘लवकर या’ म्हणत राहिले. पत्ता शेवटी भाओजींनी सांगितला. तुम्ही तसं करू नका. पत्ता, जवळची खूण नीट सांगा, कुणाला तरी कोपऱ्यावर उभं करा.

जाऊ आता खुशाल आहे. गीझर आम्ही बाहेर बसवून घेतला. तुम्हीही घ्या, आणि निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढा. थोडी थंडी वाजली तर वाजू दे, बाई!