विश्लेषण : कृषी पदवीतला ‘ऑनर्स’ नेमका कोणाला मिळतो?

कृषी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याच्या पदवीवर ‘बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी’ असे छापलेले असते. पारंपरिक विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या त्याच्याच मित्राला मात्र ‘ऑनर्स हवे तर चौथे वर्ष कर’ असे सांगितले जाते. ब्रिटनमधल्या विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला, की तिथे ऑनर्सचा वर्ग विचारतात. शब्द एकच, पण तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा. हा फरक ठाऊक नसेल तर अर्जात चुकीची माहिती भरली जाते किंवा मिळवलेली गुणवत्ता सांगायचीच राहून जाते.

कृषी, वनशास्त्रात पात्रतेची वेगळी अट आहे का?

नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनंतर ‘ऑनर्स’ हा शब्द थेट पदवीच्या नावातच आला. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथल्या चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या कृषी पदवीचे हेच नाव आहे, वनशास्त्राचेही तसेच. त्यासाठी निराळा अर्ज नाही, गुणवत्ता यादी नाही. वर्गात पहिला आलेला आणि जेमतेम उत्तीर्ण झालेला, दोघेही ऑनर्स पदवीधर.

याला आधार आहे तो चौथ्या वर्षाचा. सातव्या सत्रात विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहतात. माती परीक्षण किंवा बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवणारे कृषिदूत आणि कृषिकन्या अनेक गावांना परिचयाचे आहेत. पुढच्या सत्रात अनुभवाधारित प्रकल्प असतो. पाचव्या समितीच्या रचनेत या दोन्ही सत्रांना प्रत्येकी 20 श्रेयांक आहेत.

मग गुणवत्ता कुठे दिसते?

ती दिसते ओजीपीएमध्ये, म्हणजे सर्व सत्रांच्या एकत्रित श्रेणी सरासरीत. पाचव्या समितीच्या चौकटीनुसार 10 पैकी 5.000 ते 5.999 असेल तर फक्त उत्तीर्ण, 6.000 ते 6.999 द्वितीय श्रेणी, 7.000 ते 7.999 प्रथम श्रेणी आणि 8.000 किंवा अधिक असेल तर विशेष प्रावीण्यासह प्रथम श्रेणी. टक्केवारी हवी असेल तर ओजीपीएला 10 ने गुणायचे.

ही सरासरी साधी नसते, इथेच अनेकांची गफलत होते. समजा, तीन श्रेयांकांच्या विषयात 8 गुणांक मिळाले आणि एका श्रेयांकाच्या विषयात 5. साधी सरासरी 6.5 येईल. पण श्रेयांकांनुसार हिशेब केला तर 24 अधिक 5, भागिले 4, म्हणजे 7.25. एका निकालात द्वितीय श्रेणी, दुसऱ्यात प्रथम! याच न्यायाने 20 श्रेयांकांचे ‘रावे’ हे तीन श्रेयांकांच्या सहा विषयांहून वजनदार ठरते. ‘गावात जाऊन यायचे, सही घ्यायची’ असे समजणाऱ्यांना ते महागात पडू शकते.

सहाव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. ऑनर्स पदवी मात्र चार वर्षे पूर्ण करणाऱ्यालाच.

इतर शाखांत काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक आहेत आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 160. ‘संशोधनासह ऑनर्स’ हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. म्हणजे इथे साधा ऑनर्स वर्षांवर आणि श्रेयांकांवर ठरतो, संशोधनाचा गुणांवर.

आणि परदेशात?

ब्रिटनमध्ये ऑनर्सला वर्ग असतो. साधारणपणे 70 टक्क्यांपासून प्रथम, 60 पासून उच्च द्वितीय, 50 पासून निम्न द्वितीय आणि 40 पासून तृतीय. ऑस्ट्रेलियात अनेक अभ्यासक्रमांत तीन वर्षांच्या पदवीनंतर चांगल्या गुणांवर प्रवेश मिळणारे, संशोधनाचे वेगळे वर्ष म्हणजे ऑनर्स. तिथल्या कार्यालयात नुसते ‘ऑनर्स’ लिहून पाठवले तर आपली पदवी कोणत्या खान्यात बसवायची, हा प्रश्न त्यांना पडणारच.

खरे तर हा घोळ विद्यार्थ्यांनी निस्तरायचा नाही. ऑनर्स हे पदवीचे नाव आहे आणि श्रेणी ओजीपीएवर ठरते, एवढी दोन वाक्ये विद्यापीठांनी गुणपत्रकाच्या मागे ठळक छापली तरी पुरे. नोकरभरतीच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनीही ‘ऑनर्स आवश्यक’ म्हणण्यापूर्वी एक लक्षात घ्यायला हवे. नाव बदलण्याआधी ‘बी.एस्सी. (कृषी)’ झालेल्यांनीही चारच वर्षे शिक्षण घेतले आहे. केवळ कंसातला शब्द नाही म्हणून त्यांना मागे ठेवणे अन्यायाचे ठरेल.

तोवर अर्ज भरताना पदवीचे नाव गुणपत्रकावर आहे तसे लिहावे. त्यापुढे ओजीपीए ‘10 पैकी’ असा उल्लेख करून द्यावा आणि श्रेणी स्वतंत्र नमूद करावी. आपल्या प्रवेश वर्षाला कोणत्या समितीचे नियम लागू आहेत, हे महाविद्यालयाच्या शैक्षणिक विभागात विचारून घ्यावे. शक्य असेल तर ते लेखी मिळवावे.