पाण्याखालची पदोन्नती

शासकीय सेवेत पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या कपाटात प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांचा एक गठ्ठा सापडतो. त्यांतली बहुतेक प्रमाणपत्रे एवढेच सांगतात की सदर अधिकारी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक संस्थेत उपस्थित होता. तो तेथे काय शिकला, परत आल्यावर काय करू शकतो आणि कोणते काम त्याच्यावर अद्याप सोपवू नये, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या कागदावर नसते. ही उत्तरे देणारे प्रमाणपत्र कसे असते हे पाहायचे असेल, तर स्कूबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणपद्धतीकडे पाहावे असे मी सुचवेन. विषय वरवर करमणुकीचा वाटेल. परंतु मालवण, अंदमान, लक्षद्वीप, नेत्राणी, पुदुच्चेरी अशा ठिकाणी जाणारे पर्यटक या पद्धतीच्या भरवशावर पाण्याखाली उतरतात, आणि किनाऱ्यावरच्या अनेक तरुणांची रोजीरोटी तिच्यावर अवलंबून आहे. म्हणून तो प्रशासनाचाही विषय आहे.

या पद्धतीचे मूळ एका साध्या भौतिक नियमात आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या दुप्पट होतो. तेथे टाकीतली हवा छातीभर घेतली आणि श्वास रोखून माणूस वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसे तेवढी ताणली जात नाहीत, ती फाटतात. बॉईलचा हा नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. पण नाकातोंडात पाणी शिरल्यावर कोणी नियम आठवत बसत नाही. माणूस श्वास रोखतो आणि वर धाव घेतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी त्याचा जीव घेऊ शकतात. म्हणजे येथे ज्ञान पुरेसे नाही. ज्ञान सवयीत उतरलेले असावे लागते, आणि ते उतरले आहे की नाही हे कोणीतरी समोर पाहिलेले असावे लागते.

त्यामुळेच सर्वाधिक प्रचलित अशा ‘ओपन वॉटर डायव्हर’ या पहिल्या पायरीवर लेखी परीक्षा असते, पण ती केवळ एक भाग असते. विद्यार्थ्याला दोनशे मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे आधाराविना तरंगून दाखवावे लागते. पाण्याखाली मास्क पूर्ण भरू देऊन तो नाकाने हवा सोडून रिकामा करावा लागतो, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा लावावा लागतो, हवा संपल्याची खूण करून जोडीदाराच्या टाकीवर श्वास घ्यावा लागतो. हे आधी उथळ, शांत पाण्यात आणि नंतर समुद्रातल्या चार बुड्यांमध्ये. एकदा जमले म्हणजे झाले असे नव्हे. ते न घाबरता आणि पुन्हा पुन्हा जमले पाहिजे. ज्याला चार दिवसांत जमले नाही, त्याने पाचव्या दिवशी यावे. येथे दिवस बदलतात, कसोटी बदलत नाही. आमच्या प्रशिक्षणसंस्थांत नेमके उलटे असते.

अंदमानच्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, मी हा अभ्यासक्रम पन्नाशी ओलांडल्यानंतर केला. आमचा प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता. बोटीवर तो मला ‘सर’ म्हणे. पाण्याखाली मात्र तो हाताने ‘थांबा’ अशी खूण करी आणि मी थांबत असे. त्या तुकडीत एक सनदी लेखापाल होते, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी होती. मास्क रिकामा करण्याची कृती विद्यार्थिनीला लवकर साधली आणि लेखापालांना दुसऱ्या दिवशी. यात कोणाला काही गैर वाटले नाही. ज्येष्ठता आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण सर्व जाणतो. ते इतक्या सहजपणे मान्य केले जाताना मी क्वचितच पाहिले आहे.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे या प्रमाणपत्राला मर्यादा असते. पहिल्या पायरीवरच्या माणसाने अठरा मीटरच्या खाली जाऊ नये. पुढच्या पायरीनंतर तीस मीटर. तिसरी पायरी ‘रेस्क्यू डायव्हर’ची; तिच्यासाठी प्रथमोपचाराचे अलीकडचे प्रशिक्षण लागते आणि घाबरलेल्या वा बेशुद्ध सोबत्याला वर आणून दाखवावे लागते. त्यानंतर ‘डाइव्हमास्टर’: साठ नोंदलेल्या बुड्या, चारशे मीटरचे पोहणे, इतरांचा गट नेण्याची जबाबदारी. आणि मग प्रशिक्षक, त्यासाठी किमान शंभर बुड्या. या शिडीचा अर्थ नीट पाहावा. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस स्वतःचा जीव सांभाळायला शिकतो, तिसरीवर जोडीदाराचा, चौथीवर गटाचा. प्रशिक्षकाच्या सहीवर तर त्याने कधी न पाहिलेल्या समुद्रात उतरणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. पदोन्नती म्हणजे वाढत्या संख्येच्या माणसांची जबाबदारी, ही व्याख्या आमच्या सेवानियमांतही शोभून दिसली असती.

ही पद्धत जन्मली कोठे, हेही शासकीय वाचकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. कुस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ साली सुटसुटीत श्वसनयंत्र सिद्ध केले आणि युद्धानंतर ते बाजारात आले. यंत्र विकत मिळू लागले, पण शिकवणारे कोणी नव्हते. अशा वेळी १९५४ मध्ये लॉस एंजलिस काउंटीच्या उद्यान व मनोरंजन खात्यातील अॅल टिलमन आणि त्यांचे सहकारी स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत जाऊन स्वतः शिकून आले, आणि पाठोपाठ काउंटीने सामान्य नागरिकांमधून प्रशिक्षक घडवण्यास आरंभ केला. म्हणजे सुरुवात एका स्थानिक स्वराज्य संस्थेने केली. पुढे १९६० मध्ये टिलमन यांच्याच पुढाकाराने नाउई ही संस्था निघाली, १९६६ मध्ये पॅडी आली, आणि हा विस्तार खासगी संस्थांच्या हाती गेला. युरोपात ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब १९५३ पासून आणि सीमास ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ पासून कार्यरत होती. २००७ पासून आयएसओचीही मानके आहेत: पाणबुड्यांसाठी २४८०१, प्रशिक्षकांसाठी २४८०२ आणि सेवा देणाऱ्या केंद्रांसाठी २४८०३.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. पर्यटकाला प्रशिक्षकाची प्रत पारखता येत नाही. प्रमाणपत्र ही उणीव भरून काढते. पण खालच्या पायऱ्यांवर जो शिकवतो तोच उत्तीर्ण करतो, आणि विद्यार्थी उत्तीर्ण झाला तर केंद्राचा व्यवसाय वाढतो. २००८ च्या आर्थिक संकटात पतमापन संस्थांचे जे झाले, ते येथे का होऊ नये?

काही प्रमाणात ते होतेच. चार बुड्यांचा पहिला अभ्यासक्रम संपताच पाच बुड्यांचा पुढचा करता येतो. त्यामुळे आयुष्यात एकूण नऊ बुड्या मारलेल्या माणसाच्या खिशात ‘अॅडव्हान्स्ड’ असे लिहिलेले कार्ड असू शकते. सामान्य पाणबुड्याचे कार्ड कालबाह्यही होत नाही. दहा वर्षे पाण्याला न शिवलेला माणूस कागदोपत्री तितकाच पात्र राहतो. प्रशिक्षकाच्या पायरीवर मात्र पॅडीसारख्या संस्थेत शिकवणारा वेगळा आणि परीक्षा घेणारा वेगळा असतो, आणि प्रशिक्षकाला दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. जेथे एका सहीवर अनेकांचे जीव अवलंबून आहेत, तेथे हितसंबंध तोडले आहेत. हे शहाणपणाचे आहे.

तरीही केवळ अंतर्गत नियमांवर ही व्यवस्था अमेरिकेत टिकली नसती. तिच्या पाठीशी दोन बाहेरचे खांब होते: नुकसानभरपाईचे खटले आणि विमा. निष्काळजी प्रशिक्षकाला न्यायालय दिवाळखोर करू शकते, म्हणून विमा कंपनी विचारपूस करते, म्हणून संस्था शिस्त लावते. माझा मुख्य मुद्दा येथे आहे. भारतात कार्ड आले, अभ्यासक्रम आले, पण हे दोन खांब मागेच राहिले. आपल्याकडे भरपाईचा दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि सहलीला आलेले कुटुंब परगावी परतल्यावर बहुधा दावाच करत नाही. खांब नसलेले छप्पर आपण उभे केले आहे, आणि ते अजून कोसळले नाही याचे श्रेय अनेक चांगल्या प्रशिक्षकांच्या वैयक्तिक सचोटीला आहे. सचोटी मोलाची खरी, पण धोरण तिच्या भरवशावर आखता येत नाही.

त्यातच आपल्याकडे येणारे बहुसंख्य पर्यटक अभ्यासक्रम करत नाहीत. ते एकदाच पाण्याखाली जाऊन मासे आणि प्रवाळ पाहून येतात. अशा अनुभव-बुडीलाही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पॅडीच्या पद्धतीत खोली बारा मीटरपर्यंत मर्यादित असते, आरोग्याची प्रश्नावली भरून घ्यावी लागते आणि एका प्रशिक्षकामागे मोजकीच माणसे असतात. गर्दीच्या हंगामात, एकामागून एक बोटी भरत असताना, यांतले किती पाळले जाते हे पर्यटकाला कळण्याचा मार्ग नाही. आणि धोका पाण्याखालीच असतो असेही नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा माणूस प्रशिक्षित असला तरी वरची बोट कोणाच्या कक्षेत येते, हा प्रश्न खात्याखात्यांत वाटला गेला की त्याचे उत्तर कोणीच देत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोव्यात १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली, २०१८ मध्ये साहसी पर्यटनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपले साहसी पर्यटन धोरण आणले. आता पुढचे पाऊल हवे. माझ्या मते ते असे असावे:

१. शासनाने स्वतःचे नवे कार्ड काढू नये. आयएसओ मानक पाळणाऱ्या कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र मान्य करावे आणि आपली शक्ती तपासणीवर खर्च करावी. तपासणी फाइलीची नव्हे, बुडीची. नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे या कामासाठी उपलब्ध होऊ शकतात.

२. प्रत्येक केंद्रातील प्रशिक्षकांची नावे, त्यांची पायरी आणि चालू वर्षाचे नूतनीकरण यांचा फलक जेट्टीवर स्थानिक भाषेत लावावा. माहितीची विषमता कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

३. बोट, जीवरक्षक जाकिटे, प्राणवायूचा संच आणि बुडी या सर्वांची तपासणी एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीत आणावी.

४. ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब दरवर्षी अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करतो. तसा अहवाल येथेही निघावा, आणि त्यात थोडक्यात टळलेले अपघातही नोंदवले जावेत. नोंद करणाऱ्याला शिक्षेची भीती नसावी, अन्यथा नोंदच होणार नाही.

५. किनाऱ्यावरच्या तरुणांना शिडी चढण्यासाठी अर्थसाहाय्य द्यावे. मच्छीमार कुटुंबातला मुलगा शेकडो वेळा पाण्याखाली गेलेला असतो, त्याला प्रवाह आणि खडक आपल्या अंगणासारखे ठाऊक असतात. पण कार्ड नसल्याने तो मदतनीसाच्या रोजावरच राहतो, आणि बाहेरून आलेला प्रशिक्षक पगार घेतो. त्याची प्रत्येक बुडी लॉगबुकात नोंदवली जावी, पाठ्यसाहित्य त्याच्या भाषेत मिळावे, आणि पुढच्या पायरीची रक्कम मागची पायरी प्रत्यक्ष करून दाखवल्यावरच मिळावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुरक्षितता आणि रोजगार यांना एकाच दोरीत बांधतो. प्रशिक्षक म्हणून ज्याला त्या गावातच आयुष्य काढायचे आहे, तो आपल्या सहीची किंमत हंगामापुरत्या आलेल्या माणसापेक्षा अधिक जपेल.

आमच्या सेवेपुरते सांगायचे तर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी मिळाली तेव्हा नियमाऐवजी भूमिकेला महत्त्व देण्याचे सूत्र स्वीकारले गेले. सूत्र योग्य आहे. मात्र पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची संख्या मोजून ते साध्य होणार नाही. भूसंपादनाचे प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याने एक निवाडा लिहून दाखवावा, आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घेतलेल्याने एक गाव रिकामे करण्याची रंगीत तालीम घेऊन दाखवावी, आणि ज्याला जमले नाही त्याने, कमीपणा न मानता, पुन्हा यावे. त्याच्या प्रमाणपत्रावर तो काय करू शकतो हे लिहावे, आणि किती खोलपर्यंत जाऊ शकतो हेही लिहावे.